हाताळलेला संग्रह

१८२६ च्या मार्चअखेर कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावुरात आले. ईस्टरचा सण त्यांनी तिथेच केला आणि तंजावूरचे मराठी राजे सरफोजी यांची त्यांच्या ग्रंथालयात भेट घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिलला, त्रिचनापल्लीला स्नानाच्या हौदात हीबरांचा अंत झाला. तंजावूरच्या भेटीचे वर्णन त्यांच्या आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींच्या लेखनात उरले आहे. मजकूर छोटा आहे आणि लिहिणारे परके आहेत. तरीही तो मला कवितेसारखा सावकाश, शब्दाशब्दाला थांबत वाचावासा वाटतो. वस्तू जमवणे आणि वस्तू वापरणे यांतले अंतर एका मराठी राजाच्या खोलीत किती कमी झाले होते, हे त्या वर्णनात दिसते.

जमवलेली वस्तू जपायची की वापरायची, हा वाद जुने संगणक जमवणाऱ्यांमध्ये आज नव्याने चालू असतो. खोक्यातून कधी बाहेर न काढलेला संगणक हाच खरा ठेवा, असे एकजण मानतो. दुसऱ्याच्या टेबलावर त्याच मॉडेलचा संगणक असतो, त्याच्या कीबोर्डावरची अक्षरे पुसट झालेली असतात, आणि तो त्यावर अजून प्रोग्रॅम लिहितो. पहिल्याला दुसऱ्याची नासधूस दिसते, दुसऱ्याला पहिल्याचे खोके रिकाम्यासारखे वाटते. दोघांचेही त्या यंत्रावर प्रेम आहे, म्हणून हा वाद कडवट होतो. माझे मत दुसऱ्याच्या बाजूला झुकते. ते का, हे सांगायला सरफोजींच्या दालनाइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

वर्णन असे आहे. खांबांच्या तीन रांगा असलेले प्रशस्त दालन, सामान इंग्रजी धाटणीचे. एका बाजूला शहाजी-शिवाजींपासूनच्या भोसले घराण्याच्या तसबिरी. दहा कपाटे फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, ग्रीक आणि लॅटिन पुस्तकांची, आणखी दोन मराठी आणि संस्कृत हस्तलिखितांची. शेजारच्या खोलीत हवा उपसण्याचा पंप, विद्युत्‌यंत्र, हस्तिदंती सांगाडा, खगोलाची उपकरणे आणि पुन्हा पुस्तकांची कपाटे, त्यांत वैद्यकाची पुष्कळ. मग राजे पाहुण्यांना आपली नाणी दाखवतात, फुलांची आणि प्राण्यांची चित्रे दाखवतात, वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह उघडतात. शेवटी छापखाना. तिथे पाहुण्यांच्या देखत, त्यांच्या सन्मानार्थ, मराठीत एक वाक्य छापून काढले जाते.

या मजकुरातली क्रियापदे पाहा. सुरुवातीला सगळे ‘आहे’ने चालते. खांब आहेत, तसबिरी आहेत, कपाटे आहेत, सांगाडा आहे. पाहुण्याची नजर भिंतीवरून फिरते आणि यादी करते. इथवर हे दालन युरोपातल्या कुठल्याही हौशी सरदाराचे असू शकले असते. त्या काळात तिकडच्या श्रीमंत घरांत शंखशिंपल्यांपासून दुर्बिणींपर्यंत सगळे मांडून ठेवायची रीतच होती. मग राजे स्वतः मजकुरात येतात आणि क्रियापद बदलते. ते दाखवतात, उघडतात, सांगतात. वाळलेल्या पानांचा संग्रह दाखवताना ते नावे सांगून थांबत नाहीत. कोणती वनस्पती कोणत्या दुखण्यावर चालते याची त्यांना चांगली जाण आहे, याची पाहुणे मुद्दाम नोंद करतात. आणि छापखान्यापाशी आल्यावर वस्तू स्वतःच काम करू लागते. शाई लागते, दाब पडतो, कागद निघतो. पाहण्यापासून सांगण्यापर्यंत आणि सांगण्यापासून चालवण्यापर्यंत हा मजकूर आपोआप चढत जातो. लिहिणाऱ्याने हा क्रम योजला असेल असे नाही. पाहुण्यांना ज्या वाटेने नेले गेले, त्या वाटेचा तो क्रम आहे.

हीबरांनी पत्रात राजांविषयी आणखी लिहिले: हा हिंदू राजा लाव्हाझिए, लिनियस आणि बुफाँ या शास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, शेक्सपिअरवर त्याचे स्वतःचे मत आहे, आणि आसपासचे इंग्रज अधिकारी त्याला घोड्याचा उत्तम पारखी आणि वाघाचा थंड डोक्याचा शिकारी म्हणून मानतात. या वाक्यात आश्चर्य आहे आणि थोडा वरचढपणाही आहे. मला त्यातले ‘सहज’ महत्त्वाचे वाटते. कपाटातले पुस्तक तोंडात आले की ते वाचले गेले आहे, याला आणखी पुरावा लागत नाही. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही सुमारे साडेचार हजार युरोपीय ग्रंथ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर राजांची इंग्रजीतली सही आहे.

राजांना एवढा वेळ कसा मिळाला, याचे उत्तर दुःखद आहे. सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले, पण गादीवर बसले अमरसिंह. लहानग्या सरफोजींना जर्मन मिशनरी क्रिस्टियन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी सांभाळले, मद्रासला नेऊन शिकवण्याची व्यवस्था केली. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि १७९९ च्या तहाने राज्य गेले. कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे, राजांकडे किल्ला, वार्षिक तनखा आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. वयाच्या बाविसाव्या वर्षी राज्यकारभार हातातून गेलेला माणूस काय करतो? तनख्यावर बसलेल्या संस्थानिकांच्या हौसेच्या कथा आपण खूप ऐकल्या आहेत. या राजाने हातातला पैसा पुस्तकांवर, यंत्रांवर, वैद्यकावर आणि शाळांवर घातला. राज्य चालवता येत नव्हते, तेव्हा यंत्रे चालवली. त्यांच्या दालनाकडे पाहताना हे मनात असले की तिथला प्रत्येक पितळी नळा वेगळा दिसू लागतो.

त्या यादीत मला सर्वांत आवडतो तो हस्तिदंती सांगाडा. शरीररचना शिकायची तर सांगाडा हवा. पण माणसाच्या हाडांना शिवणे राजाच्या आचारात बसणारे नव्हते. दोन वाटा सोप्या होत्या: अभ्यास सोडून द्यायचा, किंवा आचार. राजांनी हस्तिदंताचा सांगाडा मिळवला. निव्वळ संग्राहकाला अशा सांगाड्यात कारागिरी दिसेल, हस्तिदंताची किंमत दिसेल. पण ही वस्तू जन्मालाच गरजेतून आली आहे. खांद्याचा सांधा कसा फिरतो, बरगड्या मणक्याला कुठे जुळतात, हे हाताने चाचपून कळावे म्हणून ती हवी होती. तिच्यात दोन परंपरांचे भांडण आहे आणि ते भांडण काम न थांबवता मिटवणारे डोके आहे. अशा वस्तूला काचेआड ठेवले तर तिच्यातला हा अर्थ दिसायचा बंद होतो.

हवा उपसण्याचा पंप आणि विद्युत्‌यंत्र यांच्याविषयी पाहुण्यांनी अवाक्षर जास्त लिहिलेले नाही. पण ही दोन यंत्रे काय मागतात ते पाहिले तर त्यांच्या असण्याचा अर्थ उलगडतो. काचेच्या घुमटातून हवा काढायची, मग आतल्या घंटेचा आवाज हळूहळू नाहीसा होतो. पीस आणि नाणे एकाच वेगाने खाली येतात. हे घडायचे तर पंपाच्या दट्ट्याची चामड्याची वादी तेल पिऊन मऊ असावी लागते. पंप पडून राहिला तर चामडे सुकते, आक्रसते आणि हवा गळू लागते. विद्युत्‌यंत्रात काच चामड्यावर घासून वीज साठवायची असते, आणि दमट हवेत ती साठत नाही, निसटून जाते. कावेरीच्या खोऱ्यातली हवा वर्षातले कितीतरी महिने ओली असते. तिथे हे यंत्र चालवायचे म्हणजे काच पुसायची, कोरडी करायची, कोरड्या दिवसाची वाट पाहायची. ज्याला अशा यंत्राचा उपयोग करायचा आहे त्याला त्याचे लाड करावेच लागतात. वापर आणि जतन इथे वेगळे काढता येत नाहीत.

मात्र कोणताही वापर हा चांगला वापर, असे मी म्हणणार नाही. त्याच १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पुढे लंडनला गेला. गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला वाघ. बाजूची मूठ फिरवली की वाघ गुरगुरतो, माणूस विव्हळतो, आत छोटा ऑर्गनही आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वाचनालयात तो लोकांसाठी ठेवला होता. येणारा-जाणारा मूठ फिरवून जाई, वाचायला बसलेल्यांना त्याचा जाच होई, आणि यंत्र खिळखिळे होत गेले. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात आहे आणि क्वचितच वाजवला जातो, ते योग्यच आहे. मूठ फिरवणाऱ्यांना त्यातून काही जाणून घ्यायचे नव्हते. यंत्राला नुसते हलवणे आणि यंत्राकडून काही मिळवणे यांत फरक आहे, आणि तंजावूरच्या दालनात दुसरी गोष्ट घडत होती.

याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे सरस्वती महालात जपलेली नेत्ररोगांची पाने. मोतीबिंदू आणि डोळ्यांच्या इतर विकारांचे रोगी तपासले, उपचार केले, आणि त्यांची नोंद ठेवली. पानावर रोग्याची माहिती, त्याची तक्रार, केलेला उपचार. आणि काहींसोबत त्या डोळ्याचे रंगवलेले चित्र. शस्त्र प्रत्यक्ष कोणाच्या हातात होते, यावर बोलणारे बोलतात. माझे लक्ष चित्राकडे जाते.

तंजावूरची चित्रकला आपल्याला माहीत आहे. सोन्याचा वर्ख, जडवलेले खडे, आणि मधोमध गोबऱ्या गालांचा बाळकृष्ण किंवा गादीवर बसलेला राजा. त्या चित्रातला डोळा सर्वांचा सारखा असतो: लांबट, कमळाच्या पाकळीचा, बुबुळ काळेभोर आणि निर्दोष. देवाचा डोळा रंगवायला शिकलेल्या दरबारी चिताऱ्याला इथे एका सामान्य माणसाचा आजारी डोळा रंगवायचा आहे. बुबुळावर पांढुरके पटल आले आहे, ते नेमके किती आणि कुठे, हे दाखवायचे आहे. सुंदर करायचे नाही, सुधारायचे नाही, दुसऱ्या रोग्याच्या डोळ्यासारखे होऊ द्यायचे नाही. वर्ख नाही, खडे नाहीत. ज्या हाताने सारखेपणा शिकला त्याच हाताने फरक रंगवावा, अशी ही मागणी आहे. मला तंजावूरच्या चित्रपरंपरेतला हा फार मोठा क्षण वाटतो, आणि कलेच्या पुस्तकांत त्याला त्याच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही. हा डोळा कोणी भिंतीवर टांगण्यासाठी रंगवला नव्हता. पुन्हा तो रोगी आला तर ताडून पाहता यावे, पुढच्या वैद्याला कळावे, म्हणून तो कागदावर आला. शेजारच्या खोलीतली वैद्यकाची कपाटे या पानांमध्ये कामाला लागलेली दिसतात. त्याच राजांनी धन्वंतरी महाल हे औषधालय उभारले, देशी औषधे पारखून घेतली, आणि ती वैद्यकाची माहिती तमिळ पद्यात बांधली गेली, म्हणजे इंग्रजी ग्रंथ न वाचणाऱ्या वैद्यालाही ती पाठ करता यावी.

पद्यात बांधण्याची ही युक्ती राजांनी भूगोलासाठीही वापरली, आणि ती तर मला या सगळ्या संग्रहातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे सरफोजींचे मराठी नाटक. सरस्वती महालाने ते पुढे छापून प्रसिद्ध केले. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नृत्यनाट्याचा प्रकार. त्याचा साचा ठरलेला: नायिका विरहात आहे, डोंगरातली भविष्य सांगणारी कुरवंजी येते, आपण कुठले, आपले डोंगर कसे, तिथली झाडे-पाखरे कोणती, कुठकुठली क्षेत्रे पायी तुडवली, हे गाऊन सांगते, मग नायिकेचा हात पाहते आणि प्रियकर भेटेल असे सांगून बिदागी घेऊन जाते. सरफोजींच्या दरबाराशी जोडलेली तमिळ कुरवंजीही आहे, ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’. तिचा नायक राजे स्वतः आहेत आणि ती तंजावूरच्या बृहदीश्वराच्या देवळात नाचली जात असे.

मराठी कुरवंजीत राजांनी साचा जसाच्या तसा ठेवला आणि त्याच्या आत एकच गोष्ट बदलली. कुरवंजी जे डोंगर सांगायची, त्या जागी जगाचा भूगोल आला. खंडे, देश, शहरे. यात कुठे जोड दिसत नाही, कारण साच्यातच त्याला जागा होती. जी बाई गावोगाव फिरते, जिला वाटा माहीत आहेत, तिने जगाची वाट सांगणे यात नवल काय? शिक्षकाचे सोंग आणायची गरज पडली नाही. आणि ऐकणारे कोण, तर स्वर्गातले. पृथ्वी कशी आहे ते देवलोकाला एक पायी फिरणारी, हात पाहून पोट भरणारी बाई शिकवते. वरच्यांना खालून कोणीतरी जग समजावून सांगते, ही उलथापालथ किती शांतपणे केली आहे! ज्या राजाचा स्वतःचा मुलूख तहात गेला होता, त्याने सगळ्या जगाचा नकाशा गाण्यात बसवला, हेही वाचताना मनातून जात नाही.

आता हे नाटक त्या दालनापाशी आणून ठेवा. नकाशे आणि भूगोलाची पुस्तके कपाटात होती. ती तिथेच राहिली असती तर चार-दोन पाहुण्यांनी कौतुक केले असते. गाण्यात आल्यावर भूगोल नाचणारीच्या पायात गेला, ऐकणाऱ्याच्या कानात राहिला. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही दूरच्या देशांची नावे चालीवर म्हणता आली. संग्रहातली वस्तू वापरणे म्हणजे काय, याचा यापेक्षा पुढचा टप्पा मला सुचत नाही: वस्तू जागची हलली नाही, पण तिच्यातले ज्ञान दुसऱ्या रूपात चालते झाले.

छापखान्याची गोष्टही अशीच. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू झाला. नाव ‘नवविद्याकलानिधि वर्णयंत्रशाळा’. त्याच साली बंगालमध्ये श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले. म्हणजे मराठी छपाईची पहाट महाराष्ट्राबाहेर, बंगालमध्ये आणि तमिळ मुलखात झाली. तंजावूरच्या छापखान्यातून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ निघाली, सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी. यापूर्वी तीनच वर्षे, १८०३ मध्ये, सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की राजांची समज दिसते. वंशाचा इतिहास टिकायला हवा होता, तो दगडाला दिला. मुलांच्या गोष्टी हातोहात फिरायला हव्या होत्या, त्या कागदाला दिल्या. नवे यंत्र हाती आले तेव्हा त्यावर पहिल्या काही पुस्तकांतच पूर्वजांची कीर्ती न छापता कोल्ह्या-सिंहाच्या गोष्टी छापणारा राजा विरळा. आणि हे काम सोपे नव्हते. देवनागरीला जोडाक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या; नुसत्या मुळाक्षरांच्या खिळ्यांनी काम भागत नाही, शेकडो वेगळे खिळे लागतात आणि ते उलटे वाचत जुळवावे लागतात. हीबरांसमोर छापलेले ते एक मराठी वाक्य म्हणजे वीस वर्षे हाताळल्या गेलेल्या यंत्राचे वाक्य आहे.

राजे १८३२ मध्ये गेले. पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये गेल्यावर संस्थान खालसा झाले. यंत्रांची खोली विस्कटली. ग्रंथ राहिले, आणि त्याचे कारण वाचक. ए. सी. बर्नेल यांनी राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० मध्ये पुरी झाली. १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. पुढे संस्कृत हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची एकोणीस खंडांत निघाली. ताडपत्राचाही स्वभाव पंपाच्या चामड्यासारखाच. बांधून ठेवलेली पोथी कसरीला आणि वाळवीला मिळते. उघडली, पुसली, तेलाचा हात फिरवला, नक्कल उतरवून घेतली तर ती पिढ्या ओलांडते.

याच ग्रंथालयात मोडी लिपीतले हजाराहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. राजवाड्याचा रोजचा कारभार त्यांत बांधलेला आहे: हिशेब, हुकूम, देणग्या, नेमणुका. तंजावूरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या निवडक कागदांचा तमिळ अनुवाद तीन खंडांत प्रसिद्ध केला, म्हणून तमिळ अभ्यासकाला मराठी दरबाराचे नृत्य, वैद्यक, अन्नछत्रे यांविषयी आधार मिळाला. उरलेले रुमाल मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, पण वाचणारा डोळा नसेल तर आतले काही बाहेर येत नाही. मोडीचा रुमाल आणि चालू न होणारा संगणक यांची अडचण एकच आहे.

संगणकाच्या बाबतीत तर ‘खोक्यात सुरक्षित’ ही समजूतच चुकीची आहे. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ऑक्साइडचा पातळ थर असतो. विजेचा दाब मिळत राहिला तर तो थर टिकतो. यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले की तो क्षीण होतो, आणि एकदम पूर्ण वीज दिली तर कपॅसिटर फुटू शकतो. म्हणून जाणकार आधी थोडी वीज देतात, हळूहळू वाढवतात, थराला पुन्हा धरू देतात. बोर्डावरची छोटी बॅटरी पडल्या जागी पाझरते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. फ्लॉपीवरचे चुंबकीय लेखन विरत जाते, ड्राइव्हमधले रबरी पट्टे चिकट होतात. खोके न उघडणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. त्याच्याजवळ उरते ते संगणकाचे कवच.

याच्या उलट टोकाला इंग्लंडमधल्या हार्वेल डेकाट्रॉन या संगणकाची कथा आहे. हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ मध्ये तो कामाला लागला. १९५७ मध्ये केंद्राला त्याची गरज राहिली नाही, तेव्हा तो भंगारात काढला नाही की दिवाणखान्यात मांडला नाही. कॉलेजांत स्पर्धा घेतली: याचा सर्वांत चांगला उपयोग कोण करणार ते सांगा. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजने ती जिंकली आणि १९७३ पर्यंत विद्यार्थी त्यावर शिकले. मग तो संग्रहालयात गेला, संग्रहालय बंद पडले, सुटे भाग गोदामात पडले. ब्लेचली पार्कमधल्या नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंगच्या स्वयंसेवकांनी ते शोधून जुळवले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तो पुन्हा सुरू केला. आज तो गणिते करतो, हळू करतो, आणि त्याच्या नळ्यांमधले दिवे फिरताना शाळेतल्या मुलाला बेरीज डोळ्यांनी दिसते. सरफोजींनी या स्पर्धेचे परीक्षक म्हणून खुर्ची आनंदाने घेतली असती.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, आणि तो मराठीचा प्रश्न आहे. १९८० च्या दशकाअखेरपासून आपण संगणकावर मराठी लिहू लागलो. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवून देवनागरी पडद्यावर यायची. मग श्रीलिपी, आकृती असे फाँट आले. युनिकोड घराघरांत रुळेपर्यंतच्या त्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत दिवाळी अंक जुळवले गेले, पुस्तके टंकलिखित झाली, संस्थांची इतिवृत्ते लिहिली गेली. प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी आपापली. ती फाइल आज उघडली तर पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसतो. आत मराठी आहे, पण तिला वाचणारे यंत्र आणि तो फाँट नसेल तर ती गेली. दोनशे वर्षांपूर्वीची मोडी वाचता येत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि तीस वर्षांपूर्वीची देवनागरी आपल्या हयातीत तशी होते आहे.

म्हणून हे सांगणे आहे. घरात, छापखान्यात, एखाद्या साहित्य संस्थेच्या माळ्यावर त्या काळातला संगणक असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका आणि शोभेलाही ठेवू नका. जाणत्या माणसाकडून त्याचे कपॅसिटर तपासून घ्या, पाझरलेली बॅटरी काढा, वीज हळूहळू द्या, फ्लॉप्या आणि डिस्क वाचून घ्या, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि मूळ फाइलही ठेवा. कोणत्या कार्डावर, कोणत्या फाँटमध्ये काय लिहिले होते, ते कागदावर लिहून यंत्राला चिकटवा. आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी मोडी शिकावी. तंजावूरला मराठी रुमाल आहेत, ते ज्या भाषेत लिहिले त्या भाषेच्या वाचकांची तिथे गरज आहे.